गळा आणि सनद



गायकावर स्मृतिव्याख्यान द्यायचे म्हटले म्हणजे तो गायक घराण्याचा असावा, त्याच्या गुरूचे नाव उच्चारताना वक्त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जावा, आणि त्याच्या मैफली देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात रंगलेल्या असाव्यात, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. आज ज्या गायिकेच्या कारकीर्दीचा विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे, त्या लोर्ना कोर्देरो यांच्या बाबतीत यांपैकी एकही अट पुरी होत नाही. त्यांचे गाणे घडले ते मुंबईच्या चर्चगेट भागातील उपाहारगृहांत, जेवणाच्या टेबलांपासून चार हातांवर, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या गजरात; त्यांचे श्रोते मांडी घालून न बसता नाचत असत, आणि त्यांची कीर्ती ज्या भाषेत झाली ती कोंकणी, जिच्याशी आपले नाते सख्ख्या बहिणीचे की भाऊबंदकीचे याचा निवाडा आपण अजून केलेला नाही.

ज्या कात्रजमध्ये आपण जमलो आहोत, तेथील तळ्याचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेले आणि त्या नळावर शहरात ठिकठिकाणी हौद झाले. पुण्याच्या कित्येक पिढ्या त्या हौदांवर पाणी भरीत राहिल्या. परंतु डोंगराच्या कुशीत ते कोणी अडवले आणि जमिनीखालून कोणत्या कारागिराने आणले, याची विचारपूस हौदात घागर बुडवणाऱ्याने क्वचितच केली असेल. हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक असेच जमिनीखालून आले. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या संगीतशाळांतून खेड्यापाड्यांतील मुलाला स्वरलिपी वाचता येई आणि व्हायोलिन धरता येई. पण त्या विद्येवर पोट भरावे इतका पैसा गोव्याच्या मुलखात नव्हता. म्हणून ही मंडळी मुंबईला आली, धोबीतलावच्या गल्ल्यांतून आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कूड' नावाच्या सामायिक बिऱ्हाडांत उतरली, आणि रात्री काळा कोट चढवून हॉटेलांत वाजवू लागली. ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ज्या धंद्याचा अर्धा गल्ला पेल्यांवर अवलंबून, त्या धंद्यातील वादकांवर त्याचा काय परिणाम झाला असेल हे सांगायला नको. रात्रीची कमाई आटली, तसे हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांत जास्त दिसू लागले. तेथे एक अडचण अशी होती की बहुतेक संगीत दिग्दर्शकांना चाल सुचे, पण ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटून देणे त्यांना अवगत नव्हते; आणि गोव्याच्या या मंडळींना नेमके तेच येत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशांनी त्या चालींना जो वाद्यमेळाचा साज चढवला तो आपण वर्षानुवर्षे ऐकला, आणि श्रेय संगीत दिग्दर्शकाच्या खाती जमा केले. आपल्या ब्रास बँडांनी, मग तो प्रभात असो की दरबार, लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत तीच गाणी फुंकली आणि लक्ष्मी रस्त्यावर दुतर्फा उभ्या असलेल्या पुणेकरांनी माना डोलावल्या. हौद भरलेला होता.

या व्यवहारात एक मराठी माणूस असा होता की ज्याने उगमाकडे तोंड करून पाणी प्यायले. पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांच्या शिस्तीत काही काळ तयार झालेले रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटसारख्या वादकाला नुसते हाताशी धरले नाही, तर १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही उभा केला. शिवाय हे गृहस्थ स्वतः गात, 'चितळकर' या नावाने गात, आणि चाल, वाद्यमेळ व गळा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मालकीच्या असल्या म्हणजे गायकाला केवढे स्वातंत्र्य मिळते याचा नमुना त्यांनी घालून दिला. हे स्वातंत्र्य लोर्नाबाईंना मिळाले नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा रोख त्याच एका गोष्टीवर आहे.

वाद्यवृंदात गाणाऱ्या बाईचे स्थान आपल्या मैफलीतील गायिकेच्या स्थानाहून मुळातच भिन्न असते, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे गायिका मध्यभागी बसते. तबलजी आणि पेटीवाला तिच्या मर्जीने चालतात, ती थांबली की ते थांबतात. बँडमध्ये उलट असते. तेथे गायिका बाजूच्या खुर्चीवर बसून असते. वृंद आपली गत वाजवतो, ट्रम्पेटवाला उभा राहून आपला हिस्सा वाजवून बसतो, सॅक्सोफोनची ओळ तिची कामगिरी बजावते, आणि मग वृंदनायकाच्या खुणेसरशी बाई उठून मायक्रोफोनपाशी जातात, बत्तीस मात्राखंडांचे आपले गाणे गातात आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसतात. पट्टी वृंदनायकाने ठरवलेली, लय त्याने ठरवलेली, गाणे त्याचे, कागद त्याचा, हॉटेलवाल्याशी बोलणी त्याची, पगार त्याच्या हातून. गळा हे त्या मेळातील आणखी एक वाद्य. फरक इतकाच, की घरी जाताना ते पेटीत बंद करून ठेवता येत नाही.

अमेरिकेतही असेच होते. फ्रँक सिनात्रा १९४० साली टॉमी डॉर्सी यांच्या वृंदात दाखल झाले आणि १९४२ साली बाहेर पडले, तेव्हा पुढील कमाईचा तिसरा हिस्सा डॉर्सींना द्यावा अशा कलमाने ते बांधलेले होते. मोठ्या खटपटीने आणि बरीच रक्कम मोजून ते कलम सुटले. पण तिकडे एक दैवयोग गायकांच्या मदतीला आला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेथील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. गायक त्या संघटनेचे सभासद नव्हते. त्यांनी वाद्यांवाचून, नुसत्या मानवी स्वरांच्या साथीने गाणी मुद्रित केली, आणि लोकांना अशी सवय लागली की तबकडी गायकाच्या नावाने मागायची. संप मिटला तेव्हा वृंदनायकांचा अंमल ओसरू लागला होता. मुंबईत असा संप झाला नाही. येथे पार्श्वगायनाच्या पद्धतीने गायकाला वृंदापासून वेगळे काढले खरे, पण ती सोय हिंदी चित्रपटापुरती. हॉटेलातल्या मंचावर जुनीच वहिवाट चालू राहिली.

आता लोर्नाबाईंकडे वळतो. त्यांचा जन्म मुंबईत, १९४६ चा. कुटुंब मूळ गोव्याचे. शाळकरी वयातच त्यांच्या गळ्याचा बोलबाला झाला आणि ख्रिस पेरी यांनी त्यांना आपल्या वृंदात घेतले. ख्रिस पेरी, म्हणजे मडगावच्या बोर्ड्यात १९२८ साली जन्मलेले ख्रिस्तोफर परेरा, हे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवीत, गाणी स्वतः लिहीत आणि स्वतःच रचीत. आणि त्यांच्याविषयी कोणाचे काहीही मत असो, कोंकणी गाण्याला जॅझचा वाद्यमेळ देऊन त्याला नवे रूप आणण्याचे काम त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसऱ्या कोणी केलेले नाही. तोवर कोंकणीत मांडो होता, दुलपद होते, तियात्रातील पदे होती. पेरींनी या सगळ्याचे व्याकरण ठाऊक असताना त्यावर पितळी वाद्यांची फळी उभी केली. चर्चगेटच्या 'व्हेनिस'मध्ये रात्री इंग्रजी गाणी गाणारी ही जोडी हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रणाला जाई तेव्हा कोंकणी गाई, आणि त्या लहान तबकड्या बोटीतून आणि बसमधून गोव्याला पोचत. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला होता. पणजीच्या आकाशवाणीवरून ती गाणी ताडामाडांच्या वस्त्यांत घुमू लागली, आणि मुंबईच्या एका मुलीला गोव्याची बुलबुल ही पदवी मिळाली.

'बेबदो' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे घ्या. बेबदो म्हणजे दारुडा. आपल्याकडे दारुड्यावर नाटक लिहिले गेले तर त्यात त्याची बायको सोशिक असते, प्रेक्षक डोळे पुसतात आणि पती अखेरीस पश्चात्ताप पावतो. 'एकच प्याला'च्या सिंधूने आपली ही अपेक्षा इतकी पक्की केली आहे की दारुड्याला दुसऱ्या सुरात कोणी काही सुनावू शकेल हे आपल्या मनात येत नाही. लोर्नाबाईंच्या गाण्यातली बाई रडत नाही. ती कंबरेवर हात ठेवून भर बाजारात त्या माणसाची हजेरी घेते. वाद्ये सुरुवातीलाच असा तडाखा देतात की ऐकणारा सावरून बसतो, आणि नंतर जो आवाज येतो तो गोड नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्याला किंचित खर आहे. छातीतून आलेला, घशात थोडा घासलेला तो आवाज शब्दाच्या पहिल्या व्यंजनावर टाच आपटल्यासारखा पडतो, आणि स्वर सरळ न लावता खालून उचलून जागेवर नेतो. ट्रम्पेटवादक ओठांच्या दाबाने स्वर असाच वाकवून उचलतो; वर्षानुवर्षे त्या वाद्याच्या शेजारी उभे राहून बाईंनी ही उचल उचलली असावी असे माझे अनुमान आहे. पण गंमत अशी, की बोल मात्र अस्सल कोंकणी राहतो. इंग्रजी गाण्यांच्या सवयीने अनुनासिकांचा जो चुथडा होतो तो येथे नाही. पाठोपाठ 'पिसो' ऐकावे, 'नाचुंया कुंपासार' ऐकावे, आणि मग संथ लयीतले 'सोर्गा राज्यांनी' ऐकावे, म्हणजे या गळ्याचा पल्ला कळतो. संथ गाण्यात त्या स्वर लांबवतात तेव्हा त्याला कंप शेवटी देतात, आरंभी देत नाहीत. ज्यांनी ही शिस्त पाळली नाही अशा कितीतरी गायिका त्या काळी हॉटेलांत होत्या आणि आज त्यांचे नावही कोणाला आठवत नाही.

येथे मराठी श्रोत्यांना एक बोचरी गोष्ट सांगण्याची परवानगी मागतो. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला, त्या वेळी गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून आपल्या वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले, कोंकणी ही मराठीची बोली आहे याचे दाखले दिले, सभा गाजवल्या. गोवेकरांनी कौल विरुद्ध दिला आणि आपण रुसलो. पण ज्या काळात हे चालले होते त्याच सुमारास, ज्या मुंबईतून ती वृत्तपत्रे निघत त्याच मुंबईत, कोंकणीतली ही नवी गाणी जन्माला येत होती. त्यांची दखल आपल्यापैकी किती जणांनी घेतली? मुलूख हवा, भाषा आमचीच म्हणून हवी, पण तिच्यातले गाणे ऐकण्याची फुरसत नाही, अशी मागणी कोणता शहाणा शेजारी मान्य करील? मांडो आपण कौतुकाने ऐकला, कारण तो जुना आणि निरुपद्रवी होता. पायात बूट घालून नाचणारी कोंकणी आपल्याला आपली वाटली नाही.

सत्तरीच्या दशकात लोर्नाबाई आणि ख्रिस पेरी यांचा संबंध तुटला. त्या दोघांच्या खाजगी आयुष्यात शिरण्याचे मला प्रयोजन नाही. तेथे गोव्यातील कथेकऱ्यांनी आधीच भरपूर शिरकाव केला आहे. माझ्या विषयाशी संबंध येतो तो इतकाच, की वृंद सुटला आणि गाणेही सुटले. दोन दशकांहून अधिक काळ त्या रसिकांपुढे उभ्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या कोणाच्या वृंदात गाणार नाही अशा करारनाम्याची कथा गोव्यात घरोघर सांगतात. कागद असो वा नसो, व्यवस्था अशी होती की कागदाची जरूर पडू नये. गाणी पेरींची, वाद्यमेळ पेरींचा, हॉटेलांशी आणि कंपनीशी संधान पेरींचे. गायिकेची सारी मिळकत तिच्या गळ्यात असली, तरी त्या मिळकतीची सनद वृंदनायकाच्या दप्तरात असते, आणि दप्तर उचलून तो निघाला म्हणजे बाईच्या हाती उरतो तो केवळ लौकिक, ज्याच्यावर वाणी उधार देत नाही. त्या धंद्याने त्यांना कात्रजचा घाट दाखवला, असे मी म्हटले तर या गावी तरी त्या वाक्प्रचाराचा अर्थ उलगडून सांगावा लागू नये. पेरी मात्र थांबले नाहीत. १९७७ साली त्यांनी 'भुंयारांतलो मुनीस' हा कोंकणी चित्रपट काढला. वृंदनायकाच्या कारकीर्दीला वळण मिळाले, गायिकेच्या कारकीर्दीला पूर्णविराम मिळाला, आणि जगाला यात काही विपरीत घडले असे वाटले नाही.

हिंदी चित्रपटाच्या दुनियेत हाच प्रश्न एका मराठी बाईने वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता, त्याची येथे आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. १९४९ च्या 'महल'मधील ज्या गाण्याने लता मंगेशकरांचे नाव व्हावयाचे, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पडद्यावरील पात्राचे नाव छापलेले होते. ज्या व्यवहारात गाणारीचे नावच छापले जात नाही तेथे तिला हिस्सा कोण देणार? पुढे लताबाईंनी गायकाला स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला, त्यापायी महंमद रफींसारख्या सज्जनाशी अबोला पत्करला, आणि त्या आग्रहाला हट्ट म्हणणारेही पुष्कळ निघाले. पण लताबाईंपाशी एक बळ होते: त्या कोणा एकाच्या वृंदात नव्हत्या. एका संगीत दिग्दर्शकाशी बिनसले तर दहा जण दाराशी उभे असत, खुद्द सी. रामचंद्रांशी बिनसल्यावरही त्यांचे काही अडले नाही. लोर्नाबाईंना हे बळ नव्हते. त्यांचे गाणे इतके विशिष्ट, आणि कोंकणी तबकड्यांची बाजारपेठ इतकी आखूड, की दुसरा पेरी अस्तित्वातच नव्हता. गुणवत्तेचा निकष लावून या दोन कारकीर्दींतील अंतर मोजणारे लोक बाजाराचा आकार विसरतात.

१९९५ साली रॉनी मोन्सेरात या तरुण संगीतकाराने लोर्नाबाईंना पुन्हा गायला उभे केले आणि 'हॅलो लोर्ना' ही ध्वनिफीत निघाली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, इतकी वर्षे न वापरलेला गळा कसा लागला असेल अशी शंका कोणालाही येईल. गळा जाड झाला होता, वरचे स्वर पूर्वीच्या बेदरकारपणे लागत नव्हते. पण शब्दावर टाच आपटण्याची ती पद्धत जशीच्या तशी होती. आणि एक योगायोग असा, की ज्या वर्षी त्या परतल्या त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या देशातील लेखाधिकार कायद्याची १९९४ ची दुरुस्ती अंमलात आली आणि सादर करणाऱ्या कलावंताचा आपल्या सादरीकरणावर काही हक्क असतो, ही गोष्ट हिंदुस्थानच्या कायद्याने प्रथमच कबूल केली. स्वामित्वधनाचे कलम स्पष्ट शब्दांत यायला मात्र २०१२ उजाडावे लागले. सनद गळ्याच्या नावे होण्यास एवढा अवधी लागला.

ख्रिस पेरी २००२ च्या जानेवारीत वारले. त्यांच्यावर मी आज कठोर बोललो असे कोणाला वाटले असल्यास तो माझ्या शब्दांचा दोष. कारण त्यांच्यावाचून लोर्नाबाईंचे गाणे संभवत नव्हते, हे मी या कारकीर्दीतील सर्वांत अवघड सत्य मानतो. आपल्या गुरुशिष्यपरंपरेतही विद्या आणि दास्य यांची अशीच गुंतागुंत आहे. आपण तिच्यावर भक्तीची शाल पांघरतो, बँडवाल्यांपाशी ती शाल नव्हती, एवढाच फरक.

बार्डरॉय बार्रेटो यांनी २०१४ साली 'नाचुंया कुंपासार' याच नावाचा कोंकणी चित्रपट काढला. त्यातील पात्रांना लॉरी आणि डोना अशी नावे दिली आहेत, आणि पेरींची वीसेक गाणी नव्याने मुद्रित करून त्यांच्या आधाराने कथा रचली आहे. त्याला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि पालोमी घोष यांच्या भूमिकेची परीक्षकांनी विशेष नोंद केली. चित्रपट देखणा आहे. पण मला त्याच्याविषयी एक तक्रार आहे. त्याने ही सारी हकीकत प्रेमकथा म्हणून सांगितली. प्रेमकथेत गायिका गप्प झाली म्हणजे प्रेक्षक विरहाचा सुस्कारा सोडतो आणि पगार कोणाच्या हातून येत होता हे विचारायला विसरतो. तरी जुन्या वाद्यमेळाची बरहुकूम पुनर्रचना करण्याची जी मेहनत त्यात घेतली आहे तिच्यासाठी तो चित्रपट अवश्य पाहावा. मंचावरील खुर्ची, वादकांची उठबस, खुणेसरशी मायक्रोफोनकडे जाणारी बाई, हे सगळे त्यात डोळ्यांनी पाहायला मिळते.

संयोजकांनी माझ्या विनंतीवरून आज काही मूळ ध्वनिमुद्रणे ऐकवण्याची तजवीज केली आहे. आरंभ 'बेबदो'ने होईल. पहिल्यांदा ऐकताना शब्द पुरते कळले नाहीत तरी खंत करू नये; दुसऱ्यांदा ऐकताना गायिकेला सोडून फक्त पितळी वाद्यांकडे लक्ष द्यावे, आणि तिसऱ्यांदा, आवाज आणि ट्रम्पेट जेथे एकमेकांना उत्तर देतात तेथे कोण कोणाच्या मागे चालले आहे, ते आपले आपण ठरवावे.